पाहुण्याचं आयडी घ्यायचं कसं: झेरॉक्स, मास्क्ड आधार की डिजिलॉकर?

गोव्यात मांद्र्याला माझ्या आतेभावाच्या भाड्याच्या चार खोल्या आहेत आणि काळ्या पाटीच्या दोन रेंट स्कूटर. चवथीला गेलेलो तेव्हा माटोळीचे (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती) फोटो बघायला त्याचा फोन घेतला, तर एक फोटो माटोळीचा, पुढचा इंदूरच्या कुठल्या बाईचं आधार, मग दोन पासपोर्ट, मग परत माटोळी. म्हटलं हे काय रे, तर म्हणे पाहुणे व्हॉट्सअॅपवर पाठवतात, डिलीट कशाला करू, उद्या पोलीस विचारतील. वर हसत सांगतो की त्याच्या पोरीने गेम खेळता खेळता त्यातलंच एक स्टेटसला टाकलेलं, अर्धा तास सगळा वाडा बघत होता!

सीझनच्या आधी त्याला काहीतरी ठरवायचं होतं म्हणून मी बसून सगळे पर्याय बघितले, तुमच्याही खोल्या असतील तर वाचा.

झेरॉक्स किंवा फोटोवर मी जास्त बोलणार नाही. एकदा दिलं की पाहुण्याच्या हातात काही राहत नाही, त्याला मुदत नाही, कशासाठी दिलं ते त्यावर लिहिलेलं नसतं, आणि तुम्हालाही कार्ड खरं की खोटं ते कळत नाही. आधार कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली त्यात स्पष्ट आहे की ऑफलाइन पडताळणी (म्हणजे आधारच्या सर्व्हरला न विचारता नुसतं कार्ड किंवा क्यूआर तपासणं) करणाऱ्याने आधार नंबर साठवायचा नाही, आणि आधारच पाहिजे असा हट्टही धरता येत नाही, लायसन्स किंवा मतदार कार्ड चालतं. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) बंगळूर ऑफिसने झेरॉक्स कुणाला देऊ नका म्हणून सूचना काढली आणि दोन दिवसांत ती मागे घेतली, त्यामुळे लोक जे गोंधळले ते अजून गोंधळलेलेच आहेत.

मास्क्ड आधार मला चार-पाच खोल्यांसाठी सगळ्यात बरं वाटतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चारच दिसतात. पाहुणा यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड करताना मास्क्डवर टिक करतो, पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल (हे रिसेप्शनला चिकटवून ठेवा, रात्री अकराला आलेल्या माणसाला कधीच आठवत नाही). पण खरी गंमत क्यूआरमध्ये आहे. साध्या कॅमेऱ्याने स्कॅन केलं तर आकड्यांची लांबच लांब माळ येते आणि भाऊ म्हणाला हे बिघडलंय, बिघडलेलं नसतं, यूआयडीएआयचं स्कॅनर अॅप लागतं. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो येतो, नेट नसलं तरी, आणि त्यावर डिजिटल सही असते म्हणजे कोणी कार्डवर नाव बदलून छापलं तर स्कॅनमध्ये खरं नावच दिसणार. तोंड बघितलं, फोटो बघितला, रजिस्टरमध्ये नाव-गाव-फोन आणि शेवटचे चार आकडे लिहिले, काम झालं, फोनमध्ये काही उरत नाही. परदेशी पाहुण्यांचं वेगळं, त्यांची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावीच लागते, तिथे पासपोर्टला पर्याय नाही, पण भरून झाल्यावर फोटो गॅलरीत ठेवायचं कारण पण नाही.

डिजिलॉकरचा (कागदपत्रं फोनवर ठेवायचं सरकारी अॅप) रस्ता जास्त नीट आहे पण तो वीस-तीस खोल्यांवाल्यांचा. तिथे पाहुण्याच्या स्क्रीनवर येतं की कुठलं कागद, कशासाठी, कधीपर्यंत, तो हो म्हणाला की हॉटेलच्या सॉफ्टवेअरला एक टोकन मिळतं, त्याचा पासवर्ड मिळत नाही. टोकन म्हणजे देवळाबाहेर चप्पल ठेवल्यावर मिळणारा बिल्ला समजा, तो त्याच स्टँडवर चालतो, दुसऱ्याने पळवला तरी दुसऱ्या देवळात काय कामाचा नाही. मुदत संपली किंवा पाहुण्याने परवानगी काढली की बंद. फक्त एक लक्षात ठेवा, जे आधीच डाउनलोड झालंय ते टोकन बंद झाल्याने आपोआप पुसलं जात नाही, ते सॉफ्टवेअरवाल्याला विचारून घ्या, आणि विचारल्यावर तो गोल गोल बोलायला लागला तर दुसरा बघा. चार खोल्यांसाठी हे महिन्याचं भाडं भरून घेणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

पैशांचं तर अजून सोपं. अॅडव्हान्ससाठी डेबिट-क्रेडिट कार्डचा पुढून-मागून फोटो मागणारे अजून आहेत, ते आधी बंद करा. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला कार्डचा नंबर साठवताच येत नाही, त्याच्याकडे फक्त टोकन राहतं आणि तेही त्या कार्ड-दुकान जोडीपुरतं. यूपीआय किंवा पेमेंट लिंक घ्या, विषय संपला.

स्कूटरवाले पाहुण्याचं ओरिजिनल लायसन्स डिपॉझिट म्हणून ठेवून घेतात, त्याला तर मी वेडेपणाच म्हणेन, कारण पुढच्या नाक्यावर पोलीस तेच लायसन्स मागतो. डिजिलॉकरमधलं स्क्रीनवर बघा आणि डिपॉझिट पैशात घ्या.

हे सगळं आता ऐच्छिक राहिलेलं नाही. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ ला आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, आणि डेटा नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. भाऊ म्हणतो माझं सगळं घर विकलं तरी तेवढे होणार नाहीत. पण संमतीची सूचना कोंकणी किंवा मराठीत मागायचा हक्क पाहुण्याला आहे, हे त्याला आवडलं.

त्याने मास्क्ड आणि स्कॅन ठरवलं. मग आम्ही जुने फोटो उडवायला बसलो, आणि कळलं की बॅकअप घेतलेले फोटो डिलीट केले तरी गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस पडून असतात, म्हणून तोही रिकामा केला, त्यात यंदाच्या माटोळीचे सगळे फोटो पण गेले, आणि आत्येची बोलणी मी खाल्ली.