मार्व्हल रायव्हल्स की ओव्हरवॉच २: पहिला आठवडा

इंदूरला रामबागेत आतेभावाच्या खोलीत आम्ही दोघं इतके दिवस ओव्हरवॉच २ हा संघाने खेळायचा ऑनलाइन शूटिंग गेम खेळायचो. ६ डिसेंबर २०२४ ला मार्व्हलच्या सुपरहिरोंचा तसाच गेम, मार्व्हल रायव्हल्स, आला आणि मन तिकडे ओढलं गेलं.

दोन्ही फुकट. पण ओव्हरवॉचमध्ये पात्राच्या डोळ्यांतून बघायचं, इथे पाठीमागून. त्यामुळे स्पायडरमॅनचा झोका पूर्ण दिसतो, आणि मला तेच सगळ्यात आवडलं. शिवाय भिंती फुटतात! आडोसा मिळाला म्हणून निर्धास्त व्हावं, तर आडोसाच कोसळतो. रॉकेट नावाचा रॅकून ग्रूट या झाडासारख्या पात्राच्या खांद्यावर चढून गोळ्या झाडतो. अशी जोडी जमली की आम्ही दोघं ओरडतोच. सुरुवातीलाच ३३ पात्रं, सगळी खुली.

शिस्त मात्र ओव्हरवॉचचीच. संघातल्या पाच जणांत एक टँक (पुढे राहून मार झेलणारा), दोन हल्लेखोर, दोन सपोर्ट (साथीदारांना बरं करणारे) हे ठरलेलं असतं. रायव्हल्समध्ये सहाच्या सहा जण हल्लेखोर घेऊ शकतात. काल रात्री तसंच झालं, सपोर्ट कुणीच घेईना. सलग तीन सामने हरलो, फार वाईट वाटलं.

दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर रायव्हल्स अडखळतो, ओव्हरवॉच सुरळीत चालतो. तरी आज संध्याकाळी रायव्हल्सच लावणार, आणि सपोर्ट मी घेणार.