रिब्रीदर धुऊन झाला. आता वाळवायचा कशाने?

रिब्रीदर म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा श्वासाला देणारं डाइव्हिंगचं यंत्र. डाइव्हनंतर तो धुवायला हवा, यावर कुणाचं दुमत नाही. प्रश्न पुढचे असतात. लूप, म्हणजे श्वास ज्यातून गोल फिरतो तो नळ्या-पिशव्यांचा भाग, नुसता टांगावा, पंखा लावावा, की डाइव्ह सिलिंडरमधली कोरडी हवा सोडावी? आणि जंतुनाशक कोणतं? माझं मत आधीच सांगतो: हात सैल सोडायचाच असेल तर वाळवण्याच्या सोयीवर सोडा, जंतुनाशकाच्या भारी बाटलीवर नंतर. लूप ओलाच बंद करून ठेवला, तर जंतुनाशकातून वाचलेले चार जंतू पुन्हा वाढायला मोकळे.

लूपमध्ये पाणी येतं कुठून, ते आधी बघू. श्वास उबदार आणि बाष्पाने भरलेला बाहेर पडतो. थंड नळीत त्या बाष्पाचं पाणी होतं. यंत्रात भरलेलं सोडा लाइम (चुन्याचे दाणे) श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषतं, तेव्हाही उष्णता आणि पाणी तयार होतं. वर लाळ असतेच. म्हणजे समुद्राचा थेंबही आत गेला नाही, तरी आत ओल आणि जंतूंचं खाणं दोन्ही हजर. त्याच पोकळीतली हवा पुढच्या डाइव्हला आपण थेट छातीत घेणार.

टांगून वाळवणं फुकट आहे आणि कोरड्या, खेळत्या हवेत चालतंही. नळ्या सुट्या करून उभ्या टांगायच्या, काउंटरलंगची, म्हणजे सोडलेला श्वास ज्यांत भरतो त्या पिशव्यांची, तोंडं खाली. पण बाहेरून कोरडं दिसतं त्यावर जाऊ नका. नळी उजेडाकडे धरून एका टोकातून आत बघा: वळ्यांच्या खाचांत पाण्याची बारीक कडी चमकताना दिसते. काउंटरलंगच्या भिंती आतून एकमेकींना चिकटतात, मग मध्ये हवा शिरतच नाही. त्या दूर ठेवायला प्लास्टिकच्या पाइपचा गुळगुळीत कडांचा तुकडा आत घालावा. लवकर वाळावं म्हणून उन्हात टाकू नये. रबर कडक होऊन तडकतं.

पंखा हा माझा कौल. कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, पुढे नळीला बसेल असं तोंड, मागे धूळ अडवायला स्पंजची जाळी. हवा सावकाश पण सतत खाचांमधून जात राहते, आणि टांगणीला जिथे रात्र पुरत नाही तिथे काही तासांत काम होतं. मर्यादा एकच, पण मोठी: खोलीतली हवा जितकी दमट, त्याहून कोरडा लूप होणार नाही. दमट हवेत एसी किंवा डीह्युमिडिफायर चालू असलेल्या बंद खोलीतच पंखा लावा, नाहीतर ओली हवाच गोल फिरत राहते. हेअर ड्रायरची गरम हवा मात्र नकोच.

सिलिंडरची हवा या सगळ्यांत कोरडी, म्हणून मोह होतो. पण हिशेब करा: १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला साधारण २४०० लिटर हवा मावते, आणि तेवढी हवा छोटा पंखा काही मिनिटांत सरकवतो. शिवाय जोराच्या फवाऱ्याने मशरूम व्हॉल्व्हची (हवा एकाच दिशेला जाऊ देणाऱ्या झडपेची) पातळ चकती दुमडते, ऑक्सिजन मोजणाऱ्या सेलच्या पडद्याला धक्का बसतो. व्हॉल्व्ह आणि सेल काढलेल्या नळीतले थेंब उडवण्यापुरतीच ती वापरा. ओझोनच्या यंत्रांबद्दल एवढंच, की ओझोन रबर खातो.

जंतुनाशकांत खरी निवड दोघांत आहे. क्वाटर्नरी अमोनियम प्रकारची द्रावणं रबर आणि धातूला सौम्य, पण काही विषाणू आणि बीजाणूंपुढे लंगडी. व्हिरकॉनसारखी गुलाबी पावडर अधिक प्रकारचे जंतू मारते. नेहमीचं प्रमाण १ टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. द्रावणाचा गुलाबी रंग उडाला की नवीन करायचं. धातूचे भाग मात्र त्यात विसरून चालत नाही, गंजतात. रोजच्या वापराला मी पहिला प्रकार घेईन. लूप दुसऱ्या कुणी वापरला असेल तर दुसरा. दोन्हींनंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवा, आणि तुमच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये एखाद्याला मनाई असेल तर विषय संपला. स्पिरिट टाळा: ते ज्वालाग्राही आहे आणि ॲक्रिलिकला बारीक तडे पाडतं. ब्लीचचा धोका वेगळाच. सोडा लाइमचे पांढरे डाग काढायला अनेकजण व्हिनेगर वापरतात. त्यावर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो.

एकाच दिवसाच्या दोन डाइव्हमध्ये हा सगळा खटाटोप नको. नळ्यांतलं पाणी ओतून टाका, माउथपीस धुवा. भरलेल्या स्क्रबरमधून (सोडा लाइमच्या डब्यातून) पंख्याची हवा मात्र कधीच सोडू नका. सोडा लाइममध्ये मुळातच साधारण १२ ते १९ टक्के पाणी असतं आणि शोषणाला ते लागतं; सुकलेलं लाइम कमी काम करतं. सेल असलेलं हेड, म्हणजे यंत्राचा वरचा भाग, पाण्यात बुडवायचं नाही; ओल्या फडक्याने पुसून वेगळं, कोरड्या जागी ठेवायचं. सेलच्या तोंडावर एक थेंब राहिला तरी आकडा संथ किंवा चुकीचा येतो.

बोटीवर सलग काही दिवस डाइव्ह असतील आणि वीज बेभरवशाची असेल, तर टांगणी आणि पिळून कोरडा केलेला टॉवेल यांवर भागवा. नीट वाळवणं घरी आल्यावर. घरी मात्र पंखाच. कशानेही वाळवलं तरी जोडणी करताना मशरूम व्हॉल्व्ह बोटाने नव्हे, श्वासाने तपासा: एका बाजूने हवा आत यायला हवी, दुसऱ्या बाजूने फक्त बाहेर जायला. मग पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह प्रेशर चाचणी, म्हणजे लूपमधला दाब वाढवून आणि कमी करून गळती बघणं.