ऑटोसोल मेटल पॉलिश: क्रँकला आरसा करणारी ट्यूब, आणि तिच्याआधीचं काम

झोलिंगनची जर्मन ऑटोसोल ही धातू चकाकवायची पेस्ट सायकलच्या ॲल्युमिनियमसाठी घ्यावी का? जरूर घ्यावी. क्रँक (पेडलची दांडी), स्टेम (हँडल धरणारा भाग), सीटपोस्ट (सीटखालची नळी), ब्रेकच्या भुजा हे भाग घरी हाताने चकाकवायचे असतील तर ७५ मिलीची ट्यूब पुष्कळ पुरते. दुकानात सहज मिळणारा ब्रासो पितळेला उत्तम, पण तो पातळ आहे. क्रँकवर ओतला की ओघळतो, बोल्टच्या आट्यांत आणि कोरलेल्या अक्षरांत जाऊन पांढरा वाळतो. पेस्ट जिथे लावाल तिथेच राहते. चिंच, लिंबू, पितांबरी देवघरातल्या तांब्यापितळेसाठीच राहू द्या. आंबटाने ॲल्युमिनियम उलट मंद पडतं.

ट्यूबबद्दल नेहमीची तक्रार अशी की तासभर घासलं तरी फरक नाही. बहुतेक वेळा दोष पेस्टचा नसतो. आजच्या सायकलींचे बरेचसे भाग ॲनोडाइज केलेले असतात, म्हणजे त्यांच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कडक थर चढवलेला असतो. त्या थराला हाताने घासलेली पेस्ट पुरी पडत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: पेस्ट लावून मिनिटभर घासा. कपडा काळा झाला तर खाली उघडा धातू आहे, कपडा जवळपास स्वच्छ राहिला तर थर शाबूत आहे. मल्टिमीटर असेल तर त्याची दोन टोकं भागावर हलकी टेकवा. ॲनोडाइज थरातून वीज जात नाही.

थर काढायचे मार्ग दोन. पहिला, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने (ओला करून वापरायच्या पॉलिश पेपरने; नंबर जितका मोठा तितका तो बारीक) घासून. वेळ लागतो, कोपऱ्यात बोट पोचत नाही, पण धोका नाही. दुसरा, कॉस्टिक सोडा. प्लॅस्टिकच्या बादलीत १ लिटर गार पाणी घ्या आणि त्यात सुमारे ५० ग्रॅम सोडा थोडा थोडा टाका. पाणी सोड्यावर ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. काम उघड्यावर करा, कारण यातून हायड्रोजन निघतो. जवळ शेगडी, सिगारेट काही नको. बेअरिंग, बोल्ट, चेनव्हील आधी काढून ठेवा. भाग बुडवल्यावर सुरुवातीला काही होत नाही. थर संपून धातू उघडा पडला की फेस जोरात येतो. तेव्हाच बाहेर काढायचं. दर मिनिटाला उचलून पाहा, कारण तसाच राहिला तर धातूला बारीक खड्डे पडतात आणि ते घासून काढण्यात पुढचा अख्खा दिवस जातो. वर काळी काजळी दिसेल, ती भरपूर पाण्याने धुतली की खाली राखाडी, निस्तेज पृष्ठभाग लागतो. तो तसाच दिसायला हवा.

आता खरं काम. आरसा पेपरने होतो, पेस्टने फक्त शेवटचा हात फिरतो. बुटाच्या टाचेने क्रँकवर खोल रेघा पडल्या असतील तर ४०० पासून, नुसता धुरकट असेल तर ८०० पासून सुरू करा. पुढे ६००, ८००, १०००, १५००, २०००. पेपर पाण्यात भिजवून, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. प्रत्येक नंबरला दिशा बदला: ६०० लांबीत चालवला तर ८०० आडवा. आडव्या रेघांत एकही उभी रेघ दिसेनाशी झाली की मगच पुढचा नंबर. मधला नंबर वगळला की जुन्या रेघा तळाशी राहतात. पेस्ट त्या सपाट करत नाही, त्यांना चकाकी देते, आणि उन्हात धरल्यावर त्या आधीपेक्षा जास्त उठून दिसतात. नंबर बदलताना भाग आणि हात दोन्ही धुवा. ६०० चा एक कण २००० च्या पेपरखाली आला तरी नवी रेघ पडते.

२००० झाल्यावर ऑटोसोल. जुन्या सुती बनियनचा तुकडा, त्यावर हरभऱ्याएवढी पेस्ट, एका वेळी दोन-तीन बोटं रुंदीची जागा. दाबून घासा, काळा चिखल होईल. तो वाळायच्या आत कोऱ्या कपड्याने पुसा. दुसऱ्या फेरीत पेस्ट निम्मी आणि दाब हलका. अमोनियासारखा वास येतो, खिडकी उघडी असू द्या. अक्षरांत अडकलेली पेस्ट मऊ टूथब्रश आणि टर्पेंटाइनने निघते.

काही जागांना हात लावायचा नाही. रिमच्या ब्रेक लागणाऱ्या कडेवर पेस्ट गेली तर ब्रेक धरत नाही. सीटपोस्टचा फ्रेमच्या आत जाणारा भाग घासू नका: २७.२ मिमीचा पोस्ट थोडासा जरी बारीक झाला तरी खाली घसरू लागतो. हँडलला स्टेम जिथे आवळतो तिथेही तेच.

उघड्या ॲल्युमिनियमची चमक टिकत नाही. वर गाडीचं कार्नोबा वॅक्स लावलं तर चमक बरीच राहते, पण कोकणच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात ती लवकर मावळते. पुन्हा पेस्टचा हात द्यावा लागतो. जी सायकल रोज जूनच्या पावसात भिजते तिचा ॲनोडाइज थर काढूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काळ्या जुन्या रोडस्टरची (जुन्या पद्धतीच्या जड सायकलची) गोष्ट निराळी. तिचं हँडल आणि रिम पोलादी, वर निकेल आणि त्यावर अगदी पातळ क्रोम. तिथे पेपर अजिबात नको; पिवळसर झाक दिसली की क्रोम गेलं, खालचं निकेल वर आलं, आणि ते पुन्हा मुलामा दिल्याशिवाय परत येत नाही. गंजाचे ठिपके ओल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने घासा, मग थोडं ऑटोसोल. रॉड ब्रेकचे (तारेऐवजी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकचे) रबर रिमच्या आतल्या, चाकाच्या मध्याकडच्या बाजूला टेकतात, तेवढा पट्टा मात्र पेस्टपासून कोरडा ठेवा.