जॉबवर्कचे पैसे बुडवणारी पार्टी आणि वकिलाचा प्रश्न

भोसरीत माझे छोटे मशीन शॉप आहे. एका कारखान्याने आमच्याकडून सुट्या भागांचे टर्निंग आणि मिलिंग (यंत्रावर धातू कापून आकार देण्याचे काम) करून घेतले, सुरुवातीची बिले वेळेवर चुकती करून विश्वास संपादन केला आणि मोठ्या ऑर्डरींचा माल हाती पडताच पैसे देणे थांबवले. "पुढच्या महिन्यात नक्की" असे त्यांचे खरेदी व्यवस्थापक फोनवर सांगत राहिले. त्या बिलांवरचा जीएसटी मात्र आम्ही पदरचा भरला. लेखी मागणी केल्यावर त्यांनी प्रथमच मालाच्या दर्जाची तक्रार काढली, तीही केव्हाच वापरून झालेल्या मालाबद्दल. खरोखर अडचण असती तर त्यांनी मुदत मागितली असती. तक्रार रचणे ही उघड फसवणूक आहे.

वकिलाची फी थकबाकीच्या मानाने परवडणार नाही, म्हणून छोटा माणूस दावा लावणार नाही, या हिशेबावर अशा पार्ट्या निर्धास्त असतात. वस्तुतः एकट्याच्या मालकीचा व्यवसाय असेल, तर मालकाला न्यायालयातही स्वतः बाजू मांडता येते. भागीदारी संस्था मात्र नोंदणीकृत नसेल, तर करारावरून तिला दावाच लावता येत नाही.

आम्ही सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ खाली सुविधा परिषदेकडे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकीत बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे, समाधान या सरकारी पोर्टलवरून अर्ज केला. त्याला वकील लागला नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), पर्चेस ऑर्डर, बिले आणि पोच घेतलेली डिलिव्हरी चलने लागली. उद्यम नोंदणी विनाशुल्क असते आणि ती काम घेण्याआधीच करून ठेवावी, कारण नंतरच्या नोंदणीवर समोरचा पक्ष हमखास बोट ठेवतो.

या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक रेट नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. आमच्या दृष्टीने त्याहून मोलाची तरतूद अशी, की माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असे धरले जाते. मागाहून रचलेल्या तक्रारीला आमचे उत्तर हेच होते, आणि चलनावरची सही व तारीख त्याचा पुरावा होती. म्हणून चलनावर सही-शिक्का घेतल्याशिवाय माल उतरवू देऊ नका.

तोंडी आश्वासनांवर वर्षे घालवू नका, कारण वसुलीच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते आणि फोनवरच्या शब्दाने ती वाढत नाही. थकबाकीची सहीनिशी लेखी कबुली मुदतीतच मिळाली, तर ही मुदत नव्याने मोजली जाते.

परिषदेपुढे समेट झाला नाही, म्हणून प्रकरण आता लवादाकडे गेले आहे. ९० दिवसांत निर्णय द्यावा असे कायदा सांगतो, पण प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो. निवाडा आमच्या बाजूने लागला आणि त्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, तर याच कायद्याच्या कलम १९ नुसार त्यांना आधी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागेल. त्या टप्प्यावर मात्र मी वकील देणार आहे.