सातशे रुपयांचा डबा टीव्ही: दोन महिने खेळून झाल्यावर

माझं माहेर सांगलीच्या गावभागातलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली तेव्हा आमचा जुना टीव्ही पाण्यात गेला. व्हिडिओ गेमची पिशवी तेवढी माळ्यावर होती म्हणून वाचली. गेल्या दिवाळीत ती विश्रामबागला माझ्या घरी आणली, बत्तीस इंची एलईडीमागं पिवळी पिन खोचली नि मारिओ लावला. पहिल्याच खड्ड्यात गेला. दुसऱ्यांदाही तिथंच. दादा भडंग खात बसला होता. म्हणाला, "हात गेले तुझे. चाळिशी आली की आता."

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

तरी मनातून जाईना. मिरज रोडच्या एका भंगारवाल्याकडं एकवीस इंची डबा टीव्ही दिसला, सातशेला उचलला. (उचलला म्हणजे दादानं नि रिक्षावाल्यानं.) घरी लावला तर पडद्यावर मधोमध नुसती एक पांढरी आडवी रेघ. मेकॅनिक म्हणाला, "व्हर्टिकल आयसी गेलाय ताई, ट्यूब एक नंबर हाय." साडेतीनशेत काम झालं. जाताना बजावून गेला, मागचं झाकण उघडायचं नाही, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये करंट राहतो.

मग मारिओ लावला आणि तो खड्डा सहज पार झाला.

मी हळदीच्या अडतीत हिशोब बघते, ताळा जुळल्याशिवाय मला झोप येत नाही. पिवळ्या वायरीचे दोन फाटे केले, दोन्ही टीव्ही शेजारी ठेवले आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशननं शूटिंग केलं. डब्यावरचा मारिओ उडाला, त्यानंतर २२ फ्रेमनी एलईडीवरचा. सेकंदाचा अकरावा भाग. माझं बोट वेळेवरच पडत होतं, टीव्हीच उशिरा दाखवत होता. दादाला व्हिडिओ पाठवला. त्यानं नुसता अंगठा पाठवला.

कारण साधं आहे. या गेमचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. नवा टीव्ही ते आधी साठवून घेतो, ताणून स्वतःच्या मापाचं करतो, मग दाखवतो. डब्यात साठवायची सोयच नाही. सिग्नल येईल तसा किरण ओळीमागून ओळ रंगवत जातो. त्या ओळींमधल्या बारीक काळ्या फटींमुळं विटा विटांसारख्या दिसतात. एलईडीवर तोच मारिओ पायऱ्या-पायऱ्यांचा, वर आडवा सुटलेला.

बदकं मारायच्या गेमचं तर विचारूच नका. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडतं. एलईडीवर चौकोन येईपर्यंत बंदुकीचं बघून झालेलं असतं. अर्धा तास झाडल्या, एक बदक पडलं नाही. डब्यावर लेकीनं पहिल्याच डावात सात पाडली.

घ्यायचाच असेल तर आधी आपल्या एलईडीत गेम मोड (चित्रावरचे सोपस्कार कमी करून ते लवकर दाखवायची सेटिंग) लावून बघा. माझे २२ फ्रेम १३ वर आले. मारिओ बरा चालला, बदकं नाही. कोडी, पत्ते असलं काही खेळणार असाल तर डब्याच्या नादी लागू नका. तो जागा खातो, धूळ ओढतो, आणि जवळ मोठा स्पीकर ठेवला की कोपऱ्यात जांभळा डाग पडतो. मी पाचपैकी चार तारे देते, पाचवा वजनापायी कापला.

एक राहिलं. डबा चालू असला की लेक कानावर हात ठेवते, म्हणते बारीक शिट्टी वाजते. मला काही ऐकू येत नाही. शोधलं तर खरं निघालं: आपल्याकडच्या डबा टीव्हीत किरण सेकंदाला १५,६२५ ओळी काढतो, तोच आवाज, आणि वय वाढलं की इतका बारीक सूर कानाला लागत नाही. हे दादाला अजून सांगितलेलं नाही.