'आउट ऑफ द ब्लू': आठ महिने आणि चार बाजू

इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या ब्रिटिश रॉक बँडचा १९७७ सालचा 'आउट ऑफ द ब्लू' हा अल्बम मी आधी ठाणे–नेरूळ लोकलमध्ये फोनवर ऐकत असे. सतरा गाणी, सुमारे सत्तर मिनिटे. निम्म्यावर नेरूळ येई आणि उरलेला अल्बम परतीच्या गर्दीत विरून जाई. बँडचा प्रमुख आणि गीतकार जेफ लिन उगाच लांबण लावतो, असे माझे तेव्हाचे मत होते. जूनमध्ये दोन तबकड्यांचा जुना संच घरी आला आणि ते मत बदलले, कारण ही सत्तर मिनिटे सलग ऐकण्यासाठी नसून सरासरी सतरा-अठरा मिनिटांच्या चार बैठकींसाठी आहेत, हे तबकडी उलटायला उठल्याशिवाय कळत नाही.

जेफ लिन यांनी ही गाणी स्वित्झर्लंडमध्ये एका डोंगराळ मुक्कामात अवघ्या तीन-चार आठवड्यांत लिहिली आणि ध्वनिमुद्रण म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत केले. बँडमध्येच एक व्हायोलिन आणि दोन चेलो होते. त्यांवर वाद्यवृंद-संयोजक लुई क्लार्क यांच्या साथीने वाद्यवृंद व कोरस चढवला गेला. इअरफोनवर या साऱ्याचा गोळा होतो. घरच्या स्पीकरवर मात्र 'टर्न टू स्टोन' या पहिल्या गाण्यातही कोणता थर कुठे बसवला आहे, ते वेगळे काढता येते.

खरा ऐवज तिसऱ्या बाजूवर आहे. 'कॉन्चेर्टो फॉर अ रेनी डे' या नावाने गुंफलेली चार गाणी पावसाच्या आणि गडगडाटाच्या आवाजाने सुरू होतात आणि 'मिस्टर ब्लू स्काय'च्या लख्ख उन्हात संपतात. जुलैत ठाण्याजवळचे येऊरचे डोंगर दिसेनासे झाले असताना मी ही बाजू लावली, गडगडाट ऐकून खिडकी बंद करायला उठलो, आणि तो तबकडीतला निघाला. (आमच्याकडे चार गाण्यांत ऊन पडत नाही, ही गोष्ट वेगळी.)

'उत्तम स्थितीत' म्हणून घेतलेल्या या संचातील दुसऱ्या तबकडीची कड किंचित वाकलेली आहे. त्यामुळे नेमके तिसऱ्या बाजूचे पहिलेच गाणे हेलकावते आणि व्हायोलिनचा सूर डुलतो. विक्रेत्याने बदलून देण्यास नकार दिला. जुनी तबकडी घेताना ती डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून पाहावी, हे मी त्या दिवशी केले नाही.

लांबी खटकते ती दुसऱ्या बाजूवरच्या 'जंगल'मध्ये, आणि चौथ्या बाजूवर, जिथे 'द व्हेल' हा वाद्यसंगीताचा तुकडा सुंदर असूनही पुढे सरकत नाही.

'मिस्टर ब्लू स्काय'च्या अखेरीस व्होकोडरमधून (माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून) एक यांत्रिक आवाज काहीतरी पुटपुटतो. लोकलमध्ये कित्येक महिने तो मला गाण्याचाच शब्द वाटत होता. तो म्हणतो, 'प्लीज टर्न मी ओव्हर'. बाजू संपली, मला उलटा. इंग्रजी न येणाऱ्या आईलाही आता ती घरघर ओळखू येते आणि ती स्वयंपाकघरातून सांगते, "अरे, बदल ती तुझी तबकडी." मी बदलतो, पण चौथी बाजू दर वेळी पूर्ण ऐकतोच असे नाही.