बीपेल की कोरिओग्राफी? हापूसच्या ऑर्डरी कशावर चालवायच्या

रत्नागिरी-देवगडकडे हापूसच्या धंद्यात बागायतदार, पॅकहाऊस, ट्रान्सपोर्टवाला, वाशीचा व्यापारी, सगळ्यांच्या सिस्टिम वेगळ्या, त्या वेब सर्व्हिसने (नेटवरून एका सिस्टिमने दुसरीला काम सांगायची सोय) जोडायच्या म्हटलं की बीपेल की कोरिओग्राफी हा प्रश्न येतोच.

बीपेल ही कामांचा क्रम लिहायची भाषा. तिच्यात अख्खी प्रोसेस एकाच्या इंजिनवर, म्हणजे ती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर लिहायची, मग ते बाकीच्यांच्या सर्व्हिस क्रमाने कॉल करतं, उत्तर यायला दोन दिवस लागले तरी थांबतं, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे मधेच फिसकटलं, समजा ट्रक घाटात बंद पडला, तर आधी झालेलं पुढचं बुकिंग रद्द करायची स्टेपपण तिथेच लिहून ठेवता येते. २००७ मध्ये ओएसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने बीपेलची २.० आवृत्ती स्टँडर्ड म्हणून मंजूर केली, इंजिनंही भरपूर आली.

कोरिओग्राफीत सूत्रधार इंजिन नाही. दशावतारात आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं नि संवाद ज्याचा तो बोलतो, तसंच, कुणी कुणाला कुठला मेसेज कधी पाठवायचा एवढं सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आतलं काम ज्याचं त्याने बघायचं. त्यासाठीची डब्ल्यूएस-सीडीएल भाषा मात्र २००५ ला वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेच्या कँडिडेट, म्हणजे मंजुरीआधीच्या टप्प्यावर पोचली नि तिथेच राहिली, शिवाय ती थेट रन होत नाही, नुसतं वर्णन आहे.

तरी माझं मत, पार्टनरांमधला करार कोरिओग्राफीसारखाच लिहा, कारण वाशीचा व्यापारी आपल्या इंजिनच्या हुकमावर का चालेल? बीपेल वापरा ते आपल्या पॅकहाऊसच्या आत.